काठावरचं वाक्य

धंदा करायचा तर इंग्रजी आलं पाहिजे, हे वाक्य मराठी घरांत इतक्या खात्रीनं बोललं जातं की त्यावर कुणी थांबत नाही. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांचा इतिहास वाचताना मी मात्र तिथेच थांबलो. 19व्या शतकात झांझिबारच्या सुलतानाची जकात वसूल करण्याचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे अनेक दशके होता. राज्य अरबांचं, बंदरात अमेरिकेचं कापड आणि आफ्रिकेचा हस्तिदंत, आणि पेढीच्या वह्या गुजरातीत. कच्छमधूनच पोरवयात आलेल्या अल्लीदिना विश्राम यांनी पुढे काफिल्यांच्या वाटांवर आणि मोंबासाहून निघालेल्या रेल्वेच्या कडेनं दुकानांची साखळी उभी केली. ते 1916 साली वारले, तेव्हा त्यांचं नाव युगांडापर्यंत पोचलेलं होतं.

या माणसांकडे किती भाषा होत्या, याहून कोणती भाषा कुठे वापरायची याची त्यांना असलेली जाण मला मोलाची वाटते. उधारी गुजरातीत चाले. बंदरातला मोठा व्यापारी आडगावातल्या छोट्या दुकानदाराला माल उधार देई, तो गाव, जात आणि नातं ओळखून. त्या ओळखीची भाषा मायबोलीच असणार. परवाना इंग्रजीत, कारण पुढे सत्ता इंग्रजांची झाली. विक्री तिथल्या लोकांच्या स्वाहिलीत. गोव्याहून गेलेल्यांपैकी पोर्तुगीज आणि इंग्रजी शिकलेले पुष्कळजण कचेऱ्यांत कारकून झाले. भाषा माणसाला कोणत्या दारातून आत नेते, ते इथं नीट दिसतं.

विक्रीच्या भाषेचा खरा कस लागला तो कापडात. 'कांगा' हे तिथल्या बायकांचं रोजचं वस्त्र: दोन तुकड्यांची जोडी, चारही बाजूंनी काठ, मध्ये मोठी नक्षी, आणि नक्षीखाली स्वाहिलीत छापलेलं एक वाक्य. कधी म्हण, कधी आशीर्वाद, कधी शेजारणीला मारलेला टोमणा. नवऱ्याला तोंडावर जे बोलता येत नाही ते बाई अंगावर नेसून बोलते. मोंबासात 1887 साली सुरू झालेली कादरदिना हाजी इसाक यांची पेढी या कापडासाठी नावाजली. कांगा छापून येई भारतातून, विलायतेतून, पुढे जपानमधूनही. छापणाऱ्याला त्या वाक्याचा अर्थ कळायची गरज नव्हती. विकणाऱ्याला ती होती. सवतीला कोणतं वाक्य झोंबेल, लग्नात कोणतं शोभेल, कोणतं शिळं झालंय, हे गल्ल्यावर बसून कळत नाही. त्यासाठी बायकांचं बोलणं ऐकावं लागतं, त्यांच्या घरातली भांडणं आणि लाड समजून घ्यावे लागतात. रंग आणि पोत तर कुणालाही आणता येतो. वाक्य चुकलं की गठ्ठा पडून राहतो. बहुभाषिकता ही व्यापारातली पुंजी आहे असं कुणी म्हणालं की मला हा गठ्ठा आठवतो.

पण त्याच लोकांत दुसरी एक स्वाहिली होती, आणि ती मला अस्वस्थ करते. घरगड्याशी, हमालाशी बोलण्याची. 'लेटे' म्हणजे आण. आण, ने, उचल, थांब: क्रियापदांची आज्ञार्थी रूपं तेवढी यायची, प्रश्न विचारण्याची रूपं यायची नाहीत. पन्नास वर्षं त्या देशात राहून माणसाला इतकंच येत असेल, तर त्याला ती भाषा येते असं मी म्हणणार नाही. शिवाय उधारीची गुजराती आतल्यांना जितका आधार देई, तितकीच बाहेरच्यांना ती कडी लावलेल्या दारासारखी वाटे. आफ्रिकी माणसाला दुकान काढायचं असेल, तर त्या वह्यांत त्याच्या नावाचं पान नव्हतं. ऑगस्ट 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावलं. तो जुलूम होता. भाषेनं त्याचं समर्थन होत नाही, आणि त्याची कारणंही भाषेत सापडणार नाहीत. तरी हाकललं जाताना आपल्यासाठी बोलणारे शेजारी किती जोडले होते, हा प्रश्न उरतो, आणि तो विचारायला मी कचरत नाही.

त्यांतले सुमारे 27 हजार ब्रिटनमध्ये पोचले. लेस्टरच्या नगरपालिकेनं तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन इथं येऊ नका असं कळवलं होतं. तरीही लोक गेले, आणि तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं थाटली. पुन्हा उधारीला गुजराती आणि परवान्याला इंग्रजी. तिसरी भाषा, स्वाहिली, आता निरुपयोगी ठरायला हवी होती. पण कसाव्याला, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो त्या कंदाला, स्वाहिलीत 'मुहोगो' म्हणतात. लेस्टर आणि लंडनमधल्या वेंब्लीच्या गुजराती उपाहारगृहांत आज तळलेला 'मोगो' मिळतो, आणि तिथल्या किराणा दुकानांत त्याच नावानं गोठवलेल्या पिशव्या विकल्या जातात.