ज्याला घरी जायचं आहे

रिक रोमन वॉ यांच्या ‘फेलन’ (२००८) या चित्रपटातल्या वेड पोर्टरला गुन्हेगार म्हणायला जीभ रेटत नाही. बांधकामाचा छोटा धंदा, लग्न ठरलेलं, एक लहान मुलगा. एका रात्री घरात चोर शिरतो. वेड बॅट उचलून त्याच्यामागे धावतो, घराबाहेर त्याला गाठतो, एक फटका डोक्यात बसतो आणि चोर जागीच मरतो. चोराजवळ शस्त्र नव्हतं आणि तो घरातून बाहेर पडलेला होता. खुनाचा खटला लढवायचा तर आयुष्यच पणाला लागणार. म्हणून वेड हलका गुन्हा कबूल करतो आणि तीन वर्षांची शिक्षा पत्करतो. पण तुरुंगाकडे जाणाऱ्या बसमध्येच एका कैद्याला भोसकलं जातं आणि रक्ताने माखलेलं हत्यार वेडच्या अंगावर येतं. भोसकणारा कोण, हे त्याला ठाऊक असतं. अधिकारी विचारतात आणि तो गप्प राहतो.

नेमका इथेच एका निवृत्त तुरुंगाधिकाऱ्याने आणि त्यांच्या वकील भाचीने चित्रपट थांबवला. भाचीपुढे तोच पेच प्रत्यक्षात येऊन ठाकला होता. तिचा एक पक्षकार पहिल्यांदाच आत गेलेला कच्चा कैदी. बराकीत एका बंद्याला झालेली मारहाण त्याने पाहिली होती, आणि मारणाऱ्यांच्या अंगावर खाकी होती. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीत तो तिला एकच प्रश्न विचारणार होता: जबाब देऊ की नको?

“वेडचं चुकलं,” ती म्हणाली. “त्याने नाव सांगायला हवं होतं. तो गप्प बसला म्हणून भोसकणारा मोकळा राहिला. उद्या त्याने आणखी कुणाला मारलं तर त्यात वेडचा वाटा नाही?”

“नाव सांगायचं कुणाला?” मामांनी विचारलं. “तू कोर्टात उभी राहून बोलतेस, मग घरी येतेस. आत सांगणारा आणि ज्याचं नाव घेतलं तो, दोघं एका नळावर अंघोळ करतात, एका रांगेत भत्ता घेतात. सकाळी ऑफिसात बोललेलं दुपारच्या बंदीआधी बराकीत पोचलेलं असतं. मी नोकरीत असताना हे थांबवायचा प्रयत्न केला. शिपाई बदलले, लिहून घेणारा कारकून बदलला. बातमी पोचायचीच.”

भाचीने कायद्याचा आधार घेतला. भीतीपोटी वागणाऱ्याला कायदा वाऱ्यावर सोडत नाही, असं तिचं म्हणणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२, म्हणजे जुन्या दंडविधानातलं कलम ९४, सांगतं की ताबडतोब मरण ओढवेल अशा धमकीखाली माणसाने काही केलं, तर खून आणि राज्याविरुद्धचे देहदंडाचे गुन्हे वगळता ते कृत्य गुन्हा ठरत नाही. “म्हणजे मरण समोर उभं असेल तर सूट आहे. वेडच्या समोर कुणी उभं नव्हतं. तो अधिकाऱ्यासमोर खुर्चीत बसला होता.”

“तेच तर,” मामा म्हणाले. “आत मरण समोर उभं राहत नाही. वाट बघतं. आज नाही तर मंगळवारी, मंगळवारी नाही तर पुढच्या झडतीनंतर. अशा भीतीचं माप तुझ्या कलमात नाही.”

यावर तिने अॅरिस्टॉटलचा दाखला दिला. एखाद्या जुलमी सत्ताधीशाने माणसाचे आईबाप आणि मुलं ताब्यात ठेवली आणि त्याच्याकडून लाजिरवाणं कृत्य करवून घेतलं, तर ते त्याने स्वखुशीने केलं म्हणायचं की नाही, हा प्रश्न त्याने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात घेतला आहे. त्याचं उत्तर सोयीचं नाही. अशी कृत्यं मिश्र असतात, आणि तरीही स्वेच्छेच्या बाजूला अधिक झुकतात, कारण हातपाय शेवटी माणूस स्वतःच हलवतो. काही गोष्टी तर कितीही छळ झाला तरी करू नयेत, असंही तो बजावतो. म्हणजे वेडला सहानुभूती जरूर द्यावी, पण जबाबदारीतून सोडू नये, असा तिने अर्थ लावला.

“तुमच्या अॅरिस्टॉटलचा जुलमी राजा एकच आहे,” मामा म्हणाले. “वेडला दोन आहेत. एक टोळीचा आणि एक खाकीतला.”

चित्रपटाचा पुढचा भाग याच दुसऱ्या राजाचा आहे. वेडला कडक बंदोबस्ताच्या विभागात टाकलं जातं. तिथला लेफ्टनंट जॅक्सन कैद्यांना छोट्या पटांगणात एकमेकांवर सोडतो, वरून पाहतो आणि हवं तेव्हा गोळी झाडू देतो. हे पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेलं नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात, कापसाच्या शेतांच्या मुलखात, १९८८ साली कॉर्कोरनचा तुरुंग सुरू झाला. तिथल्या विशेष विभागात वैरी टोळ्यांतल्या कैद्यांना एकाच वेळी व्यायामाच्या पटांगणात सोडायचं धोरण होतं. ही माणसं एकत्र नांदू शकतात का ते पाहायचं, हे त्यामागचं कागदावरचं कारण. मारामारी होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं. ती पेटली की वरच्या कक्षातून आधी लाकडी ठोकळे झाडले जात, मग खरी गोळी. २ एप्रिल १९९४ रोजी प्रेस्टन टेट हा २५ वर्षांचा कैदी अशाच मारामारीत डोक्यात गोळी लागून मेला. रिचर्ड कारुसो नावाच्या तिथल्याच एका सुरक्षारक्षकाने एफबीआयला माहिती दिली. ‘लॉस एंजलिस टाइम्स’ने प्रकरण लावून धरलं. १९९८ मध्ये आठ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. जून २००० मध्ये फ्रेस्नो इथल्या ज्यूरीने आठही जणांना निर्दोष ठरवलं. टेटच्या कुटुंबाला मात्र राज्याने ८,२५,००० डॉलर देऊन तडजोड केली होती.

“बघा,” भाची म्हणाली, “कुणीतरी बोललंच ना! कारुसोने सहकाऱ्यांचं वैर पत्करलं. भीती त्यालाही होती.”

“होती. आणि त्याला माझा सलाम आहे. माझ्या खात्यात असे फार थोडे पाहिले. पण तो पाळी संपली की घरी जायचा. दाराला आतून कडी लावून झोपायचा. आतून कडी लावता येणं ही केवढी चैन आहे, ते तुला कळायचं नाही.”

मग मामांनीच एक प्रश्न टाकला आणि बोलणं वेगळ्या वळणावर गेलं. प्रेस्टन टेट कोण होता? वेड पोर्टरसारखा कर्ज काढून धंदा करणारा, चोराच्या मागे धावून अडकलेला माणूस नव्हे. तो टोळीत वावरलेला, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला कैदी. “मग सिनेमा काढताना त्याला बाजूला सारून साधासरळ बाप का उभा केला?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं. टेटच्या मरणाने प्रेक्षक हळहळला नसता. वेडच्या जागी तो स्वतःला ठेवू शकतो. हे समजण्यासारखं असलं तरी चित्रपटाची खरी उणीव इथेच आहे. पटांगणातला छळ वाईट का, तर तो चुकीच्या माणसाच्या वाट्याला आला म्हणून, असा समज त्यातून सहज होतो. योग्य माणसाच्या वाट्याला आला असता तर चाललं असतं का, हे विचारायला ‘फेलन’ फारसा थांबत नाही. वेडच्या कोठडीतला सोबती जॉन स्मिथ (व्हॅल किल्मर) हा त्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो. अनेक खून केलेला, कधीच बाहेर न पडणारा. आणि वेडसाठी जे कुणी करू शकत नाही, ते तोच करू शकतो, कारण त्याला घालवण्यासारखं काही उरलेलं नाही.

भाचीला इथे आपल्याकडचा एक निकाल आठवला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठच असतो, पण असा कधी पाहिला नव्हता, असं ती म्हणाली. तिहारमधल्या सुनील बत्रा याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. तक्रार स्वतःची नव्हती. हेड वॉर्डरने दुसऱ्या एका कैद्याचा अमानुष छळ केल्याची होती. न्यायालयाने पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने तुरुंगातल्या माणसाचे हक्क ठळक केले. “आणि बत्रा कोण होता? फाशीची शिक्षा सुनावलेला कैदी.”

“म्हणजे फाशीवाला बोलला,” मामा सावकाश म्हणाले, “आणि तीन वर्षांचा गप्प बसला.”

दोघांच्या बोलण्यातलं सगळ्यात मोलाचं सापडलं ते इथे. वेड भित्रा आहे म्हणून गप्प नाही. त्याला घरी जायचं आहे. बाहेर मुलगा वाट बघतोय, सुटकेची तारीख ठरलेली आहे, आणि त्याच तारखेला धरून कुणीही त्याला हवं तसं वाकवू शकतं. टोळी म्हणते, बोललास तर घरी जाणार नाहीस. अधिकारी म्हणतो, बोलला नाहीस तर घरी जाणार नाहीस. सभ्य, घरसंसाराच्या माणसाची जी म्हणून चांगली बाजू आहे, तीच त्याची वेसण होते. आपली सगळी सहानुभूती अशा माणसाला मिळते, आणि तोंड उघडण्याची ताकद बहुधा त्यांच्याकडे उरते ज्यांची आपल्याला कणव येत नाही.

आपल्याकडे हा हिशोब आणखी अवघड आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा होती ४,३६,२६६ जणांची. आणि त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे चारांतले तीन कच्चे कैदी. वेडला निदान तीन वर्षं हा आकडा माहीत होता. कच्च्या कैद्याला तोही नसतो. पुढच्या तारखेला जामीन होईल या आशेवर तो दिवस ढकलतो, आणि जामीन बिघडेल असं काहीही करायला धजत नाही.

“तरी बायकांनी तोंड उघडलं होतं,” भाची म्हणाली. जून २०१७, भायखळ्याचा महिला तुरुंग. वॉर्डरचं काम करणारी एक शिक्षाबंदी मारहाणीत मेली. वाद दोन अंडी आणि पाच पावांच्या हिशोबावरून सुरू झाला, असा आरोप होता. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला तो आतल्याच एका बंदिनीच्या सांगण्यावरून. पण त्याच सुमारास निदर्शनं केली म्हणून सुमारे दोनशे बंदिनींवर दंगलीचा गुन्हाही नोंदवला गेला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तक्रारपेटीचं सांगितलं. बत्रा निकालात न्यायालयाने तुरुंगात पेट्या ठेवायला सांगितल्या. त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या अखत्यारीत असाव्यात, सगळ्या बंद्यांना तिथपर्यंत जाता यावं. मामांच्या एका तुरुंगात पेटी होती. हिरवा रंग, पितळी कुलूप, किल्ली बाहेर. सगळं नियमाप्रमाणे. फक्त ती ऑफिसच्या दाराशी, हवालदाराच्या टेबलापासून हातभर अंतरावर टांगलेली होती. “मी ती मुलाखतीच्या जाळीकडे हलवायला लावली. तिथे माणसांची वर्दळ असते, कुणी काय टाकलं ते कळत नाही. त्या महिन्यात पहिल्यांदा पेटीत कागद निघाले. माणसं तीच होती गं. धाडस काय एका महिन्यात वाढलं? अंतर वाढलं होतं.”

“म्हणजे तुमचं म्हणणं, त्याच्याकडे सत्य मागायचा हक्क आधी कमवायला हवा.”

“किल्ल्या ज्याच्या हातात, पहिलं कर्तव्य त्याचं. ते केल्याशिवाय कैद्याला भित्रा म्हणू नये.”

भाचीला हे पटलं, पण पुरतं नाही. किल्लीवाला आपलं कर्तव्य करील याची वाट पाहत बसलं, तर मार खाणारा मार खातच राहील. तिने वही काढली. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती धोका किती हे तपासून संरक्षण देऊ शकते. तिथे अर्ज करायचा. जबाब तुरुंगाच्या ऑफिसात नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे. तोवर दुसऱ्या तुरुंगात हलवायची मागणी.

“हलवलं तर बायकोला मुलाखतीला यायला किती तास लागतील, ते आधी विचार,” मामा म्हणाले. “आणि संरक्षण म्हणून त्याला एकट्याच्या कोठडीत टाकतील. सुरक्षित राहील, पण शिक्षा झाल्यासारखाच. मी म्हणेन आधी जामीन होऊ दे.”

“जामीन झाल्यावर तो बोलेल?”

“बहुतेक नाही.”

“आणि ज्याला मारलं, तो आतच राहील.”

इतक्या वेळात त्या माणसाचा विचार दोघांनीही केला नव्हता. बोलावं की न बोलावं हा सगळा खल पाहणाऱ्याचा चालला होता. ज्याने मार खाल्ला त्याला वकील आहे का, त्याची वैद्यकीय तपासणी झाली का, त्याला स्वतःला तक्रार करायची आहे का, हे कुणी विचारलंच नव्हतं. भाचीने वहीत नवं पान घेतलं. आपल्या पक्षकाराचं आणि त्याचं हित एकच असेल असं नाही, म्हणून त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वेगळा वकील मागायचा, तपासणीचा अर्ज कोर्टात द्यायचा. म्हणजे सगळा भार एकट्या साक्षीदारावर राहणार नाही.

“तो कशात आत आलाय, माहीत आहे?” मामांनी विचारलं.

“नाही.”

“वाईटात वाईट काही निघालं तर?”

“तरी अर्ज हाच राहील,” ती म्हणाली आणि तपासणीच्या अर्जाचा मसुदा लिहायला बसली. मामांनी शेजारी खुर्ची ओढली आणि जखमांची नोंद कुठल्या रजिस्टरला होते, ते सांगायला सुरुवात केली.