बेचाळीस रात्री, सहा आठवडे

एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर टाचणीलाही जागा उरत नाही. अबॅकस, रोबोटिक्स, स्केटिंग, वैदिक गणित. दोन वर्षांपूर्वी त्याच फलकाच्या कोपऱ्यात मी एक चिठ्ठी लावली: सहावी ते आठवीच्या मुलांसाठी रोज संध्याकाळी सात वाजता गच्चीवर ‘श्यामची आई’चं वाचन, फी नाही. पहिल्या दिवशी सात मुलं आली. त्यांतली चार आयांनी दंडाला धरून आणलेली.

हे पुस्तक निवडण्यामागे भक्ती थोडी आणि हिशोब जास्त होता. साने गुरुजींनी ते १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं, पण मांडणी केली ती रात्रींची. आश्रमातली प्रार्थना आटोपली की श्याम सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आपली सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते, जूनच्या मध्याला संपते. सहा आठवडे धरले तर दिवस बेचाळीसच. एरवी अंधार पडल्यावर मोठ्यानं वाचायचं पुस्तक भर दुपारी बाकावर बसून, शिक्षकांचं लक्ष चुकवत वाचलं जातं, हीच मला त्याची मोठी परवड वाटते.

शाळेत या वयाच्या मुलांना जुनं साहित्य भेटतं ते तुकड्यातुकड्यांनी. पाठ, शब्दार्थ, स्वाध्याय. तुकडा बहुधा उत्तमच निवडलेला असतो, पण खालच्या प्रश्नांची उत्तरं आधीच ठरलेली असतात: आई प्रेमळ, आई कष्टाळू, आई संस्कारी. गुण मिळतात आणि पुस्तक मिटतं. सुट्टीत गुण द्यायला कोणी नसतं, म्हणून मुलं पुस्तकाशी भांडू शकतात. माझ्या मते अभिजात पुस्तकाची परीक्षा तिथेच होते. (२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले, गच्चीवर ‘अभिजात’ म्हणजे काय ते मात्र मला सांगता आलं नव्हतं.)

पहिलं भांडण पोहण्यावरून झालं. श्याम पाण्याला घाबरून लपतो आणि आई त्याला फोडून काढून विहिरीवर पाठवते. गच्चीत दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, “आमच्या शाळेत असं केलं तर तक्रार होईल.” दुसरा म्हणाला, “पण त्याला पोहता आलं ना!” मी मध्ये पडलो नाही. खरं सांगायचं तर मलाही ठरवता आलं नव्हतं.

अळणी भाजीच्या रात्री मात्र मी खरोखर गप्प झालो. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील अवाक्षर न काढता जेवून उठतात, आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला ते कळतं. ही गोष्ट मी लहानपणापासून वडिलांच्या मोठेपणाची म्हणून ऐकत आलो. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “आई सगळ्यांबरोबर जेवायला बसली असती तर लगेच कळलं असतं. ती शेवटी का बसायची?” गुरुजींनी तो प्रश्न मांडलेला नाही. पण मीठ, पंगत, पानं वाढण्याचा क्रम त्यांनी असा नेमका टिपून ठेवलाय, की नव्वद वर्षांनंतर कुणालाही तो त्यातून उचलता यावा.

म्हणूनच संक्षिप्त आवृत्त्यांची मला धास्ती वाटते. संक्षेप करणारा तात्पर्य ठेवतो आणि पंगत गाळतो. अपवाद आहेत; ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणणारे भा. रा. भागवत स्वतःच कसलेले गोष्टीवेल्हाळ होते. पण अवघड शब्दांच्या भीतीनं पान गाळणं हे निराळं. ‘सोवळं’, ‘तगादा’, ‘जप्ती’ या शब्दांवर मुलं अडली, विचारून पुढे गेली. पत्रावळीच्या रात्री तर वडाची पानं आणि झाडूचे हीर घेऊन सगळे बसले. एकही पत्रावळ धड लागली नाही, वर झाडू खिळखिळा झाला म्हणून मला घरी बोलणी खावी लागली.

पुढल्या उन्हाळ्यात आठवीतल्यांसाठी माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली. मेंढरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर मुलांना लगेच आपलासा वाटला. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा कोणी काहीच विचारलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तलं वडिलांचं सोवळ्याचं वेड ऐकताना मात्र मुलं खिदळून लोळली. त्या हसण्याखाली केवढी घुसमट आहे ते कळायला अजून चार वर्षं जातील, जाऊ देत.

पहिल्या वर्षी आमच्या बेचाळीस रात्री पुऱ्या झाल्याच नाहीत. लग्नं, गावाला जाणं, एक वळवाचा पाऊस. शाळा उघडली तेव्हा एकतीस झाल्या होत्या. पोहण्यावरून तक्रार करणारा मुलगा उरलेलं वाचायला पुस्तक घरी घेऊन गेला. ऑगस्टमध्ये जिन्यात भेटला. म्हणाला, “आई जाते तिथपर्यंत आलोय. पुढे दोन रात्री आहेत.” मग एक पायरी वर चढून थांबला. “त्या तुम्हीच वाचून दाखवा. गच्चीवर.”