लेवीय लागलं की

वर्षअखेरच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा चालला होता. कुणीतरी म्हणालं, "यंदाही बायबल लेवीयपर्यंतच. लेवीय लागलं की सुटतंच." सगळे हसले, मीही हसलो. खटकलं ते पुढचं. एकाने मोबाइल काढून दाखवला. त्याचं वर्षभराचं वाचन पुरं झालं होतं, ॲपने शाबासकीचं चित्र दिलं होतं आणि खाली सलग दिवसांचा आकडा. लोकांनी अभिनंदन केलं. किती दिवस सलग, हे विचारलं. वाचलेल्यापैकी काय खुपलं, कुठे अडलं, हे कुणीच विचारलं नाही.

हिशेब सगळ्यांना पाठ आहे. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात उरकतं. या गतीने उत्पत्ती आणि निर्गम मिळून नव्वद अध्याय जानेवारीतच संपतात. म्हणजे संकल्पाचा जोर ओसरू लागतो नेमका तेव्हाच लेवीय या तिसऱ्या पुस्तकातले होमबली, अन्नबली, चरबी, अंगावरचे चट्टे आणि घराच्या भिंतीवरचे डाग पुढ्यात येतात. कोष्टक करणाऱ्याने मुद्दाम केलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं.

'रोज संपूर्ण बायबल वाचायची सवय' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'रोज' हा नेम आहे, 'संपूर्ण' हा आवाका. रोजच्या वाचणाऱ्याला एखाद्या वचनाशी थांबता आलं पाहिजे, दुसऱ्या दिवशी तिथेच परत येता आलं पाहिजे. संपूर्ण वाचणाऱ्याला थांबणं परवडत नाही, त्याला आजचं आज संपवायचं असतं. वारकऱ्यांच्या घरात ही गल्लत होत नाही. हरिपाठ रोजचा, ज्ञानेश्वरीचं पारायण सप्ताहातलं. लहान ते नित्याचं, मोठं ते प्रसंगाचं. आपण ख्रिस्ती मंडळींनी दोन्ही एकाच तक्त्यात कोंबलं आणि मग नेमही मोडला, आवाकाही सुटला. तेव्हा रोज एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक उतारा पुरे, संपूर्णाचा हट्ट ही निव्वळ मिरवणूक आहे, असं ठणकावून लिहायलाच मी बसलो होतो.

साक्षीला गांधी होतेच. लंडनमध्ये शिकत असताना मँचेस्टरच्या एका शाकाहारी ख्रिस्ती गृहस्थामुळे त्यांच्या हाती बायबल आलं. उत्पत्तीनंतरच्या अध्यायांनी झोप यायची, वाचलं असं म्हणता यावं एवढ्यासाठी बाकीचं कसंबसं रेटलं, गणना हे पुस्तक तर आवडलंच नाही, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं आहे. नवा करार लागला तेव्हा मात्र डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं. यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा? जे भिडतं ते ठेवा, बाकीचं सोडा.

पण साक्ष लिहून काढताना ती मला टोचू लागली. डोंगरावरच्या त्या प्रवचनात येशू पुन्हा पुन्हा जुन्या आज्ञांचा हवाला देतो. डोळ्याबद्दल डोळा हा नियम निर्गमात आहे, लेवीयात आहे, अनुवाद या पाचव्या पुस्तकातही आहे. ऐकणाऱ्यांना तो ठाऊक होता म्हणूनच त्याच्या पुढचं पाऊल त्यांना कळलं. अरण्यात सैतान मोहात पाडतो तेव्हा येशूची तिन्ही उत्तरं अनुवादातली आहेत. गांधींना जे भिडलं ते ज्याच्या तोंडून आलं, तो स्वतः त्यांना झोप आणणाऱ्या पुस्तकांवरच वाढलेला होता.

शिवाय, हे थोडं अन्यायाचं होईल पण म्हणतोच: ज्या माणसाने पुढे आश्रमात आहार, सूत, संडास, ब्रह्मचर्य, वेळेचा हिशेब या सगळ्यांचे नियम घालून दिले, त्याला लेवीय कंटाळवाणं वाटावं? आश्रमाची नियमावली आणि लेवीय यांचं गोत्र एकच. काय खाल्लं, कसं धुतलं, कुणाचे पैसे दिले यात देव लक्ष घालतो, हाच दोन्हींचा पाया. एकोणिसावा अध्याय काढून बघा. शेताच्या कडेचं पीक कापू नये, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्यावं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. आणि याच रांगेत शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करण्याची आज्ञा येते, लगेच पुढच्या वचनात दोन जातींच्या सुतांनी विणलेलं कापड वापरू नये हेही येतं. जिला येशूने दुसरी सर्वांत मोठी आज्ञा म्हटलं ती इथे कापड आणि कापणी यांच्या मधोमध पडली आहे. ती उचलून चौकटीत लावली की सुंदर दिसते, पण मजुरीचा मुद्दा तिथेच राहतो. आणि मजुरी थकवणारे आपल्या मंडळीत नाहीत असं कोण म्हणेल?

गणनेचंही तसंच. शिरगणती, तळाची रचना, नावांच्या याद्या. त्यातच सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सगळे सरदार यांच्यासमोर उभ्या राहतात. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसावं, आम्हाला वाटा द्या, असा सरळ दावा. निकाल त्यांच्या बाजूने लागतो. छत्तिसाव्या अध्यायात त्याच कुळातले पुरुष तक्रार घेऊन येतात, की या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आमची जमीन जाईल. मग अट येते: लग्न आपल्याच वंशात करा. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावताना आणि नंतर हक्कसोडपत्रावर तिची सही घेताना आपल्याकडे जे चालतं, ते सगळं या दोन अध्यायांत आहे. पहिला वाचून दुसरा गाळणारा खूश होईल. त्याने गणना वाचलं असं मात्र मी म्हणणार नाही.

हेच आवडीच्या वाचनाचं दुखणं. तेविसावं स्तोत्र आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय यांवर आयुष्य काढणाऱ्याला बायबल कधी विरोधच करत नाही. शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय, ज्यात एका बाईवर रात्रभर अत्याचार होतो आणि तिला घराबाहेर लोटणारा तिचाच माणूस असतो, तो रविवारच्या पाठांत सहसा येत नाही. क्रमाने वाचणाऱ्याला चुकवता येत नाही.

एक वाचक तर काहीच चुकवू शकत नाही: भाषांतर करणारा. पंडिता रमाबाईंचं लहानपण पुराणं वाचण्यातच गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत देवळांत पुराण वाचायचं. अर्थ समजो न समजो, वाचणाऱ्याला पुण्य आणि ऐकणाऱ्यालाही, हा रिवाज त्यांनी आतून पाहिला होता. आसामात सिल्चरला असताना त्यांच्या हाती लूकचं शुभवर्तमान बंगालीत लागलं. एवढ्या एका पुस्तिकेवर त्या थांबू शकल्या असत्या. पण केडगावला मुक्ती मिशनच्या व्यापातून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. वंशावळ्या, मापं, बलिदानाच्या जनावरांचे अवयव, सगळ्यांना मराठी शब्द शोधावा लागला असणार. अर्थाविना चाललेल्या पारायणातून जी बाई बाहेर पडली, तिनेच प्रत्येक वचनाच्या अर्थाशी झुंजत हे दुसरं पारायण केलं. संपूर्णाला मिरवणूक म्हणणारं माझं वाक्य मी इथे खोडलं.

तरी एक अडचण आहे, आणि ती आपल्याच कोकणातली. बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, ज्यांना लोक शनवार तेली म्हणायचे, त्यांनी शतकानुशतकं शब्बाथ पाळला, सुंता पाळली आणि प्रार्थनेतलं 'शेमा' जपलं. देव एकच आहे असं सांगणारं ते अनुवादातलं वचन. बाकीचं पुस्तक त्यांच्याजवळ राहिलं नव्हतं, अशीच त्यांची परंपरा सांगते. पुढे कोचीनचे यहुदी शिक्षक आले, मिशनरींनी शाळा काढल्या, मुंबईच्या जॉन विल्सनांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. म्हणजे एका ओळीवर एक समाज तगला. ११८९ अध्याय विरुद्ध एक ओळ! या समाजापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो आणि मी तो सावरणारही नाही. एवढंच दिसतं, की ग्रंथ पुन्हा हाती आला तेव्हा ती एक ओळ पुरे असं ते म्हणाले नाहीत. जगभरच्या यहुद्यांसारखं तेही तोरा, म्हणजे पहिली पाच पुस्तकं, शब्बाथाशब्बाथाला क्रमाने वाचू लागले. सिम्हत तोराच्या सणाला शेवटचा भाग वाचतात. त्यात मोशे वचनदत्त देश डोंगरावरून बघतो आणि आत न जाता मरतो. त्याच दिवशी, त्याच सभेत, उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू होतो. पुस्तक संपलं म्हणून कुणाला शाबासकी द्यायला सवडच नाही.

आणि प्राचीन काळी पॅलेस्टाइनमधले यहुदी हीच पाच पुस्तकं साधारण तीन वर्षांत वाचत. वर्षाचा क्रम बाबेलकडचा, पुढे तोच रूढ झाला.

मग वर्षाचा आग्रह आपल्यात इतका घट्ट का? आपल्या छापील तक्त्यांमागे बऱ्याचदा स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन असतो. १८४२च्या डिसेंबरअखेर त्याने आपल्या मंडळीसाठी कोष्टक केलं: रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. कोष्टकाबरोबर त्याने धोकेही लिहिले होते. वाचन उपचार होऊन बसेल, वाचणाऱ्याला आपण धार्मिक असल्याचा गर्व चढेल, कुणाला ते जू जड होईल. तक्ता छापणारे ते धोके छापत नाहीत. १८४३च्या २५ मार्चला, तिशीही न गाठता, मॅक्शेन तापाने गेला. त्याच्या कोष्टकात लेवीय मार्चअखेर सुरू होतं.

तेव्हा टाकायचं असेल तर वर्ष टाकावं, लेवीय नव्हे. रोज एकच अध्याय घेतला तर संपूर्ण बायबलाला सव्वातीन वर्षं लागतात. नेमही राहतो, थांबायला जागाही राहते. अर्थात ३१ डिसेंबरला दाखवायला काहीच उरत नाही, आणि ॲपला हे कसं समजवायचं ते ॲप करणाऱ्यांनी बघावं.

एक अध्याय मात्र मी त्याहूनही हळू घेतो. गणनेचा सातवा, ८९ वचनांचा. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस अर्पण आणतात आणि प्रत्येकाचं अर्पण अगदी तेच: १३० शेकेलांचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, धूपाने भरलेलं दहा शेकेलांचं सोन्याचं पात्र, शिवाय ठरलेली जनावरं. कुठल्याही कचेरीतल्या कारकुनाने दुसऱ्या नावापासून 'वरीलप्रमाणे' लिहिलं असतं. इथे बाराही वेळा यादी पूर्ण आहे. एका बैठकीत वाचली तर डोळा लागतो, गांधींचं काही चुकलं नाही. पण मजकुरात प्रत्येक वंशाचा दिवस वेगळा आहे. मीही तो बारा दिवसांत वाचतो, दिवसाला एक सरदार, आणि त्यात माझं कोष्टक अकरा दिवस मागे पडतं.