समूहाने स्वतःकडे पाहणे

महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांना कृतिसंशोधन हा शब्द चांगलाच परिचित आहे. वर्गातील एखादी अडचण हेरावी, तिच्यावर उपाय योजावा, त्याचा परिणाम नोंदवावा आणि त्या नोंदींच्या आधारे उपाय पुन्हा सुधारून घ्यावा, अशी ही पद्धत असून ती पुष्कळदा वही पूर्ण करण्यापुरतीच उरते, ही खेदाची गोष्ट आहे. तिचा उगम मात्र शाळेत नव्हे, तर माणसामाणसांतील तेढ कमी करण्याच्या प्रयत्नात झाला, आणि म्हणूनच मोबाइलवर चालणाऱ्या आजच्या समूहजीवनाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली अल्पसंख्याकांच्या प्रश्नांविषयी लिहिताना योजना, कृती आणि त्या कृतीच्या परिणामांचा शोध यांचे एकामागून एक फेरे कल्पिले होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यात वांशिक भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी एक कार्यशाळा भरली होती आणि तिथे दिवसभरातील गटचर्चांची निरीक्षणे संशोधक संध्याकाळी आपापसांत ताडून पाहत असत. काही सहभागींनी त्या बैठकीला बसू देण्याची विनंती केली आणि लेविन यांनी ती मान्य केली. आपल्याच वागण्याविषयीची नोंद ऐकून ही माणसे ती खोडू लागली, तिच्यात भर घालू लागली, आणि दिवसाच्या चर्चेपेक्षा या संध्याकाळच्या उलटतपासणीतूनच ती अधिक शिकतात असे ध्यानात आले. ज्यांचे वर्तन पाहिले जात आहे त्यांनाच पाहणाऱ्यांच्या पंक्तीत जागा देणे, हा या पद्धतीचा गाभा आहे, आणि ऑनलाइन जगात नेमका तोच हरवला आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर विश्वास ठेवून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांचा जीव घेतला. अशा अफवा त्या काळात देशाच्या अनेक भागांत व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्यानंतर कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, जानेवारी २०१९मध्ये ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२०मध्ये पुष्कळदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. या शेवटच्या बदलानंतर असे संदेश सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. कृती, मोजणी, फेरविचार आणि पुन्हा कृती हे सारे टप्पे येथे दिसतात, आणि या मर्यादांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही संघटनांचे अभ्यासक क्रिस आर्जिरिस यांनी केलेला एक भेद येथे लावून पाहिला पाहिजे. ठरलेल्या उद्दिष्टाकडे जाताना चूक झाली की ती दुरुस्त करणे हे शिकण्याचे एकेरी आवर्तन होय, तर ते उद्दिष्ट आणि त्यामागची गृहीते यांनाच प्रश्न विचारणे हे दुहेरी आवर्तन होय. संदेश किती वेगाने पसरतो हा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे. भिक्षा मागत फिरणारा अनोळखी माणूस दिसताच गावाला त्याच्यात मुले पळवणारा का दिसतो, आणि मोबाइलवर आलेल्या चित्रफितीवर समोरच्या माणसाच्या बोलण्यापेक्षा जास्त विश्वास का बसतो, हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. तो कंपनीच्या आकडेवारीतून सुटणे शक्य नाही. तो त्या गावालाच स्वतःला विचारावा लागतो.

समूहाने स्वतःवर प्रयोग करणे अशक्य नाही, हे रेडिटवरील विज्ञानचर्चेच्या एका विशाल समूहाने दाखवले आहे. समूहाचे नियम चर्चेच्या अगदी वर ठळकपणे लावल्याने काही फरक पडतो का, हे तेथील स्वयंसेवी नियंत्रकांनी संशोधकांच्या साहाय्याने २,१९० चर्चांमध्ये तपासले, त्यासाठी काही चर्चांना नियम लावले आणि काहींना लावले नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवागतांचे नियमपालन सुमारे आठ टक्क्यांच्या फरकाने वाढले, आणि त्यांचा सहभागही सरासरीने सत्तर टक्के वाढला. नियम सांगितले की माणसे बिचकून गप्प होतील, ही सार्वत्रिक समजूत त्यामुळे डळमळीत झाली.

घरोघरच्या मोबाइलवरील सोसायटीच्या, भावकीच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या समूहात असे काही घडत नाही, कारण तेथे सारा भार ॲडमिनवर टाकलेला असतो. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरात ॲडमिनचा सामाईक हेतू दिसल्याशिवाय त्याला फौजदारी जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले आहे. परंतु कायद्याने सुटलेली जबाबदारी नैतिकदृष्ट्या साऱ्या समूहाची असते. ब्राझीलचे शिक्षणचिंतक पाउलो फ्रेरे यांच्या मते चिंतनावाचूनची कृती ही निव्वळ धावपळ असते आणि कृतीवाचूनचे चिंतन हे पोकळ शब्द असतात. रागाच्या भरात एखाद्या सदस्याला काढून टाकणे ही पहिली गोष्ट झाली, आणि दर महिन्याला तीच लांबलचक नियमावली चिकटवणे ही दुसरी.

यापलीकडे जायचे असेल तर समूहाने एका वेळी एकच बदल करावा, जसे की बातमी टाकणाऱ्याने ती कोठून मिळाली हे सोबत लिहावे, आणि महिनाभराने सर्वांनी प्रत्यक्ष एकत्र बसून त्याने काय झाले ते तपासावे. त्या बैठकीत सर्वांत आधी बोलण्याची संधी ॲडमिनला किंवा रोज लिहिणाऱ्यांना न देता, समूहात वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या आणि तो सोडून गेलेल्या माणसांना द्यावी.