नावाचा जामीन

लेखनाला नव्याने आरंभ करणाऱ्या आणि संपादकाच्या मध्यस्थीशिवाय आपले लेखन आंतरजालावर स्वतःच प्रसिद्ध करणाऱ्या माणसापुढे पहिला पेच बहुधा विषयाचा किंवा शैलीचा नसतो, तर नावाचा असतो: लेखाखाली स्वतःचे खरे नाव घालावे की ते झाकून ठेवावे. या पेचाची चर्चा सामान्यतः धैर्य आणि भित्रेपणा या जोडीत अडकून पडते, आणि नाव लावणारा तो धीट व लपवणारा तो पळपुटा असा निवाडा सहज दिला जातो. मराठी गद्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव मात्र या निवाड्याला दुजोरा देत नाही.

येथे आरंभीच दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. निनावी लेखन म्हणजे ज्याच्या लेखकाचा कोणताही मागमूस नाही असे लेखन. आजचा मजकूर आणि महिन्यानंतरचा मजकूर एकाच हातचा आहे की नाही, हे त्यात वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो. टोपणनावाने केलेल्या लेखनात खरे नाव झाकलेले असले तरी हात तोच राहतो, आणि वाचक मागच्या लेखावरून पुढच्या लेखाची पारख करू शकत असल्यामुळे त्या नावाभोवती हळूहळू पत साचते, जी चुकीच्या किंवा खोट्या लेखनाने गमावताही येते. विष्णु वामन शिरवाडकर कवितेखाली ‘कुसुमाग्रज’ लिहीत आणि नाटकावर स्वतःचे नाव घालीत, तेव्हा त्यात लपण्याचा हेतू नव्हता. अशी वाङ्मयीन टोपणनावे मराठीत विपुल आहेत आणि ती येथे बाजूला ठेवता येतील. विचार करायचा आहे तो ज्यांना नाव झाकण्याचे कारण होते त्यांचा.

गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी एकशे आठ पत्रे लिहिली आणि जी पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली, ती ‘लोकहितवादी’ या सहीने प्रसिद्ध झाली. लिहिणारा पंचविशीतला, सरकारी नोकरीत शिरलेला तरुण होता, आणि ज्या ब्राह्मण समाजाच्या पंक्तीला त्याला रोज बसायचे होते त्याच समाजाच्या आळसावर, पाठांतरावर आणि स्त्रियांवरील अन्यायावर तो तुटून पडत होता. सही लोकहिताची होती, कुळाची नव्हती, आणि त्यामुळे वाचकाला ‘हा कोण सांगणारा’ या प्रश्नाआधी ‘हा काय सांगतो’ या प्रश्नाशी थांबावे लागले. तरीही ही पत्रे कोणी तरी भिंतीवर चिकटवलेली पत्रके नव्हती. त्यांच्यामागे एक संपादक उभा होता, ज्याचे नाव आणि पत्ता सर्वांना ठाऊक होता.

या मधल्या माणसाचे महत्त्व आजच्या चर्चेत बहुधा निसटते. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीच्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असणे बंधनकारक केले, लेखकाचे नाही. म्हणजे लेखकाला पडद्याआड राहण्याची मुभा होती, पण मजकुराला कोणी तरी जामीन असलाच पाहिजे, अशी ती व्यवस्था होती. हा जामीन कागदापुरता नव्हता, हे कोल्हापूर प्रकरणाने दाखवून दिले. कोल्हापूरचे दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांची म्हणून जी पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्यापर्यंत पोहोचली ती बनावट निघाली; ती या वृत्तपत्रांचे संपादक टिळक वा आगरकर यांनी रचलेली नव्हती, पण छापण्याची जबाबदारी त्यांची होती, आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. दुसऱ्याने रचलेल्या पत्रांपायी नाव लावणारे आत गेले, यातला अन्याय उघड आहे. पण मजकुराच्या खऱ्याखोट्याबद्दल कोणाला जाब विचारायचा, हे तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक वाचकाला माहीत होते.

स्वतःच प्रसिद्ध करण्याच्या माध्यमात हा मधला माणूस नाहीसा झाला आहे. ज्या कंपनीच्या यंत्रणेवर मजकूर ठेवला जातो तिला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ ने काही अटींवर दायित्वातून सूट दिलेली आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने ती केवळ ‘मध्यस्थ’ आहे, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर वाहून नेणारी किंवा साठवणारी. पूर्वी लेखक, संपादक आणि मुद्रक यांच्यात वाटला जाणारा भार म्हणूनच आता एकट्या लेखकावर येतो. यावरून नाव लावलेच पाहिजे असे अनुमान काहीजण काढतात. ते घाईचे आहे, कारण नाव लावण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

ही विषमता १८८२ या एकाच वर्षात शेजारी शेजारी पाहायला मिळते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्या वर्षी ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या पूर्ण नावानिशी छापून घेतले. पुस्तकावर इतकी टीका झाली की जोतीराव फुले यांना ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली, ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हे पहिलेही स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणेपर्यंत जवळजवळ विस्मरणात गेले होते. त्याच वर्षी उत्तरेत हिंदीत ‘सीमन्तनी उपदेश’ हे तितकेच जळजळीत पुस्तक निघाले, ज्यावर लेखिका म्हणून फक्त ‘एक अज्ञात हिंदू स्त्री’ एवढाच उल्लेख होता, आणि ती कोण हे आजतागायत कळलेले नाही. एकीने नावाची किंमत मौनाने चुकती केली, पण ते नाव असल्यामुळेच शंभर वर्षांनी तिला तिची जागा परत देता आली. दुसरीने स्वतःला वाचवले असेल, पण तिचे चरित्र, तिचे गाव, तिचा राग कोठून आला हे सारे तिच्याबरोबर गेले. या दोहोंतले कोणते नुकसान लहान, हे बाहेरून ठरवणे कोणालाही शोभणारे नाही.

यापेक्षाही बोधक उदाहरण रखमाबाईंचे आहे. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला आणि पती दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. दावा चालू असतानाच १८८५ च्या जून आणि सप्टेंबरमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन पत्रे आली, ज्यांखाली ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची इंग्रजी सही होती. ती पत्रे रखमाबाईंचीच होती. त्यांखाली खरे नाव असते तर वाचकांनी ती एका पक्षकाराची कैफियत म्हणून वाचली असती, आणि प्रत्येक वाक्याला ‘हिला निकाल स्वतःच्या बाजूने हवा आहे’ हे उत्तर आयते मिळाले असते. सही सामान्य असल्यामुळे त्या पत्रांतले दुःख एकीचे न राहता त्या वयात लग्न झालेल्या असंख्य मुलींचे झाले. पुढे १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय ठेवला, तेव्हा त्यांनी आपली बाजू स्वतःच्या नावाने मांडली आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ती प्रसिद्ध झाली. सिद्धान्त मांडताना नाव झाकणे आणि परिणाम भोगताना नाव उघडे करणे, हा क्रम येथे दिसतो; आणि त्यात भित्रेपणाचा लवलेश नाही.

महाराष्ट्रात नाव हे कधीच नुसते नाव नसते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. आडनावावरून जात, पुष्कळदा गाव, आणि नावावरून धर्म व लिंग वाचकाला लेखाच्या पहिल्या ओळीआधीच समजते, आणि मग युक्तिवाद त्या चौकटीत बसवून वाचला जातो: अमुक आडनावाचा माणूस आरक्षणावर असे बोलणारच, तमुक धर्माची बाई असे लिहिणारच. ज्यांचे आडनाव सत्तेच्या जवळचे आहे त्यांना ही अडचण जाणवत नाही, म्हणून खुल्या नावाचा आग्रह बहुधा त्यांच्याकडूनच येतो. याची दुसरी बाजू कठोरपणे सांगितली पाहिजे. टोपणनाव झाकू शकते, पण त्याने सोंग घेऊ नये. सवर्ण पुरुषाने दलित स्त्रीचे नाव घेऊन तिच्या अनुभवाची साक्ष देणे हा निव्वळ खोटेपणा आहे, कारण तेथे वाचक नावावर जो विश्वास ठेवतो तोच चोरलेला असतो.

नाव झाकल्याने संरक्षण किती मिळते, याबद्दल मात्र नव्या लेखकाने भ्रमात राहू नये. मजकूर ज्या जोडणीवरून चढवला तिचा क्रमांक, खाते उघडताना दिलेला मोबाइल, लेखनाची लकब, एकाच कचेरीत किंवा महाविद्यालयात घडलेल्या प्रसंगांचे तपशील, यांतून ओळख पटणे अवघड नसते, आणि तपास यंत्रणेने कायदेशीर मार्गाने माहिती मागितली तर कंपनी ती बहुधा देते. ओळख पटल्यावरचा धोकाही काल्पनिक नाही: नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद राहिल्याबद्दल सामाजिक माध्यमावर व्यक्त झालेल्या एका मताच्या निमित्ताने पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा तेव्हा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. पण निकाल येईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सरकारी नोकरांची स्थिती आणखी नाजूक आहे, कारण केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील शासनावरील टीकेची मनाई स्वतःच्या नावाने, निनावी किंवा टोपणनावाने केलेल्या अशा सर्वच लेखनाला स्पष्ट शब्दांत लागू होते. लोकहितवादींना जो आडोसा मिळाला तो त्यांच्या आजच्या वारसाला कायद्याने मिळत नाही. टोपणनाव घ्यायचेच असेल तर ते उद्या उघडे पडेल असे धरूनच प्रत्येक वाक्य लिहावे लागते.

यातून एक मर्यादा आपोआप निघते. स्वतःचा अनुभव, रूढीवरील टीका, धोरणावरील मतभेद यांसाठी टोपणनाव पूर्णपणे न्याय्य आहे, कारण त्यांचा पडताळा युक्तिवादातच असतो आणि लेखक कोण हे कळल्याने तो बदलत नाही. परंतु एखाद्या नामनिर्देशित व्यक्तीवर आरोप करताना लेखकाने स्वतःचे नाव मागे ठेवणे योग्य नाही, कारण ज्याच्या अब्रूवर घाव बसतो त्याला प्रतिवादासाठी कोणी तरी समोर असणे हा त्याचा हक्क आहे. ज्या पीडितेला नाव उघड केल्याने आणखी इजा होईल तिचा अपवाद खराच. पण अशा वेळी जुन्या संपादकासारखा, पुरावा तपासून नावानिशी उभा राहणारा जामीन शोधणे हाच मार्ग उरतो, आणि असा जामीन होण्याची तयारी दाखवणाऱ्या संस्था व पत्रकार आज पुरेसे नाहीत, ही खरी उणीव आहे.

असा जामीन लाभलेले मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण १९३३ चे आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात शिकलेल्या, अविवाहित, वय वाढत चाललेल्या मुलींची कुचंबणा आणि त्यांच्या शरीरमनाच्या गरजा यांबद्दल मराठीत पूर्वी कोणी बोलले नव्हते इतक्या उघडपणे लिहिलेले होते, आणि लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. पुस्तकावर वादळ उठले आणि ही बाई कोण, की बाईच्या नावाआड कोणी पुरुष आहे, याचा शोध सुरू झाला. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी गुपित सांभाळले. लिहिणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्त्रियांच्या शिक्षणसंस्थेत घडलेल्या आणि तेथेच शिकवणाऱ्या होत्या. त्यांचे नाव तेव्हा बाहेर आले असते तर घाव त्या संस्थेवर, आणि मुलींना शिकवावे की नाही याच प्रश्नावर बसला असता. काही वर्षांनी ओळख उघड झाली. तरीही सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतल्या कामाच्या अनुभवातून साकारलेली ‘बळी’ ही कादंबरी १९५० मध्ये आली तेव्हा लपण्याचे कोणतेच कारण उरलेले नसताना तिच्यावर मालती बेडेकर हे नाव नव्हते. विभावरी शिरूरकर हेच होते.