बरोबरीच्यांस शिकवितांना

पुढारीपण म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांत वारंवार निघतो. विशेषेंकरून पंचांची निवड जवळ आली म्हणजे फारच निघतो. त्याचें उत्तर बहुतेक लोक अधिकाराच्या भाषेंत देतात. ज्याच्या हातीं वही, किल्ली व सही तो पुढारी, आणि बाकीचे त्याच्या मागून चालणारे. ह्या समजुतीची परीक्षा पाहावयाची असेल, तर अशी जागा शोधिली पाहिजे कीं, जेथें शिकविणाऱ्याच्या हातीं ह्यांपैकीं कांहींच नाहीं, आणि शिकणारे तर त्याच्याच वयाचे, त्याच्याच खानावळींत जेवणारे, त्याचीं सगळीं अंडींपिल्लीं ठाऊक असणारे आहेत. कॉलेजांतील विद्यार्थी आपल्या सहाध्यायांस शिकवूं लागतो ती जागा अशीच होय. तेथें बरोबरीच्याचा बरोबरीच्यावर अधिकार तो कोणता व तो कोठून येतो, ह्याविषयीं वाचकांबरोबर थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

विद्यार्थ्यानें विद्यार्थ्यास शिकविण्याची एक रीत जगभर गाजली, ती आपल्याच देशांतून. १७८९ सालीं मद्रास येथील एगमोरच्या अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख डॉ. अँड्र्यू बेल ह्या स्कॉटिश पाळकांकडे आली. जवळच्या एका देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें गिरवितांना त्यांनीं पाहिलीं, व तीच रीत आपल्या शाळेंत चालू करावी असें त्यांच्या मनांत आलें. त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांस ती रुचली नाहीं. तेव्हां त्यांनीं फ्रिस्कन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे तो वर्ग सोंपविला, आणि मोठ्यांना जें जमलें नाहीं तें त्या पोरानें करून दाखविलें. १७९७ सालीं बेलसाहेबांनीं ह्या प्रयोगाची हकीकत लंडनांत छापली. पुढल्याच वर्षीं त्याच शहराच्या साउथवर्क भागांत जोसेफ लँकेस्टर ह्यानें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढिली, व तिच्यांतहि मोठीं मुलें लहानांस शिकवूं लागलीं. एका मास्तरच्या पगारांत शेंकडों मुलें शिकूं लागल्यावर लोकांस ती रीत आवडली ह्यांत नवल तें काय!

परंतु लँकेस्टरच्या शाळेंतील मॉनिटराच्या अंगावर बिल्ला असे. तो हुकूम सोडी, चुका टिपून घेई, आणि मागें मास्तरचा हात असे. लँकेस्टर क्वेकर पंथाचा; वेताची छडी त्यास मान्य नव्हती. तरी गळ्यांत लांकडाचा ओंडका अडकविणें, टोपलींत बसवून छताला टांगणें, अशा लाजविण्याच्या शिक्षा त्याच्या शाळेंत होत्या. अशा ठिकाणीं शिकविणाऱ्या मुलाच्या हातीं जो अधिकार होता तो उसना होता. बिल्ला काढून घेतल्यावर त्याच्याजवळ काय उरलें असतें, हाच खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचें उत्तर पाहावयास आतां फार पुढच्या काळांत व फार दूर जावें लागेल. १९७३ सालीं अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेंत डिआना मार्टिन ह्या बाईंनीं ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नांवाची पद्धत सुरू केली, आणि ती पुढें पुष्कळ देशांत पसरली. तिची रचना विचार करण्याजोगी आहे. कमकुवत विद्यार्थी हुडकण्याऐवजीं तींत कठीण विषय हुडकितात. ज्या विषयांत शंभरांतून तीस किंवा अधिक विद्यार्थी नापास होतात, जेमतेम तरतात किंवा मध्येंच सोडून जातात, तो विषय कठीण ठरतो. मग त्या वर्गांतील हुशार, मंद, सगळ्यांसच दार उघडें. त्यामुळें ‘मी ढ म्हणून येथें आलों’ अशी लाज कोणास वाटण्याचें कारण राहत नाहीं. तोच विषय आधीं चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी नव्या विद्यार्थ्यांबरोबर पुन्हां वर्गांत जाऊन बसतो, पुन्हां टिपणें घेतो, आणि आठवड्यांत ठराविक वेळीं त्यांस जमवितो. येणें न येणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ह्या पुढाऱ्यास गुण देतां येत नाहींत, कापतां येत नाहींत. प्रोफेसराचें व्याख्यान पुन्हां झोडण्याचीहि त्यास मनाई आहे.

वाचकहो, अशा खोलींत संध्याकाळीं आठ जण बसले आहेत अशी कल्पना करा. एक जण म्हणतो, “ह्या उदाहरणाचें उत्तर सांगून टाक ना!” उत्तर ह्यास ठाऊक आहे. त्यानें तें सांगितलें तर आठहि जण लिहून घेतील, त्याची वाहवा करतील, आणि पुढच्या आठवड्यास पुन्हां उत्तराकरितांच येतील. त्याऐवजीं तो विचारतो, “तुझ्या वहींत पहिल्या पायरीवर काय लिहिलें आहेस?” मग खोलींत जी शांतता पसरते ती सहन करणें हें ह्या कामांतलें सर्वांत कठीण. सेमिनरींत असतांना संध्याकाळच्या अभ्यासांत ग्रीक क्रियापदें एकमेकांकडून म्हणवून घेण्याचा प्रसंग आम्हांवर येई. त्या शांततेचा अर्धा मिनिट घटकेएवढा वाटतो, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

जाणत्याला नेणत्याची अडचण कां दिसत नाहीं, ह्याविषयीं १९९० सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत एलिझाबेथ न्यूटन ह्या विद्यार्थिनीनें एक साधा प्रयोग केला. सर्वांस ठाऊक असलेल्या गाण्याचा ठेका एकानें मेजावर बोटांनीं वाजवावा, व दुसऱ्यानें गाणें ओळखावें. एकशेंवीस वेळां ठेका वाजला. गाणें ओळखलें गेलें अवघ्या तीन वेळां. वाजविणाऱ्यांचा अंदाज मात्र निम्मीं तरी ओळखतील असा होता! वाजविणाऱ्याच्या डोक्यांत सूर चालू असतो, ऐकणाऱ्यास नुसती टकटक. आमच्या कित्येक उपदेशांचें असेंच होत असावें. नुकताच शिकलेला विद्यार्थी येथें मोठ्या पंडितापेक्षां बरा, कारण आपण कोठें अडखळलों होतों तें त्यास अजून आठवतें. ही आठवण फार दिवस टिकत नाहीं. आणि ती गेली कीं, तोहि टकटक करूं लागतो.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, ठाऊक असून न सांगणें हा एक प्रकारचा गर्वच नव्हे काय? भुकेल्यापुढें भाकर धरून कोडीं घालावीं काय? हा आक्षेप हलका नाहीं. प्लेटोच्या मेनो नांवाच्या संवादांत सॉक्रेटीस एका गुलाम मुलास चौरस दुप्पट करावयास सांगतो. बाजू दुप्पट केली कीं झालें, असें मुलगा म्हणतो, आणि चौरस चौपट होतो. पुढें सॉक्रेटीस नुसते प्रश्न विचारून त्यास कर्णावरच्या चौरसापर्यंत नेतो. तें वाचून, प्रश्नांतच उत्तर लपविलें होतें, अशी शंका पुष्कळांनीं घेतली आहे, व आमच्या मतें ती अगदींच निराधार नाहीं. आम्ही हा वाद असा तोडितों: न सांगण्यानें ज्याची शोभा वाढते त्यानें सांगून टाकावें; न सांगण्यानें ज्याचा वेळ जातो, ज्यास पुन्हां पुन्हां बसावें लागतें, त्यानें थांबावें. आणि परीक्षा उद्यां सकाळीं असेल तर सरळ सांगावें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडांत भाऊबंदांस अक्षरें शिकविणारे कांहीं वाचक ह्या पानापुढें असतील. वीस वर्षांच्या पुतण्यास “काका, ही ओळ पुन्हां एकदां वाचा” असें म्हणावें लागतें. काकांचा मान राखावा लागतो आणि चूकहि सोडतां येत नाहीं. बिल्ला त्याच्याजवळहि नाहीं. उद्यां काका आलेच नाहींत, तर तो काय करणार? परंतु कॉलेजांतल्या पोराहून त्याची गोष्ट आणखी एका बाबतींत अवघड आहे. कॉलेजांत वर्ष संपतें, मंडळी पांगते, आणि शिकविणाऱ्यास आपला विद्यार्थी आपल्यापुढें गेलेला पाहावा लागतोच असें नाहीं. गांवांत तो डोळ्यांसमोर राहतो. ज्यास ‘अ’ गिरवावयास लाविलें तोच दहा वर्षांनीं जमाखर्चाची वही सांभाळतो, पंचांत बसतो, आणि कधीं शिकविणाऱ्याचाच हिशोब तपासतो. त्या दिवशीं ओठ आवळून गप्प बसणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. आणि वही त्याच्यापुढें सरकवून, “ही बेरीज एकदां तूंच पाहा,” म्हणणारेहि पाहिले आहेत.

मुलगा कॉलेजांतून सुटींत घरीं आला म्हणजे गुण किती मिळाले, हें आपण विचारितोंच. यंदा त्यास हेंहि विचारून पाहावें कीं, खोलींतल्या सोबत्यास तूं काय समजावून दिलेंस, आणि तो सोबती आतां तें आपलें आपण करितो काय.