देवमाशाचे दर्शन

दर्शनाला मराठीत दोन क्रियापदे लागतात. भक्त दर्शन घेतो, देव दर्शन देतो. समोरच्याने दिल्याशिवाय घेणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, ही भक्तिमार्गातली जुनी समजूत. ज्या प्राण्याला मराठीने देवमासा म्हटले, त्याच्या बाबतीत ती कितपत टिकते?

पवना आणि मुळा यांच्या काठच्या सांगवीतून सुट्टीला निघालेली कुटुंबे ताम्हिणी घाट उतरून दापोलीकडे, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर जातात. सकाळी मुरूड-हर्णैच्या समुद्रात होडीतून डॉल्फिन, मग सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, असा दिवस ठरलेला असतो. डॉल्फिन हा दात असलेल्या देवमाशांच्याच गटातला सस्तन प्राणी. फुप्फुसाने जगतो, म्हणून श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरणाऱ्या जातीच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो. राखाडी पाठ क्षणभर चकाकते, फुस्स असा आवाज येतो, आणि पाणी पुन्हा मिटते. दिसते ते एका श्वासापुरते.

किनाऱ्यावर उतरताना कोणीतरी म्हणतेच, ‘नीट दिसलाच नाही.’ या तक्रारीला वारकऱ्यांकडे उत्तर आहे. पंढरपुरात ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोचता येत नाही, तो कळसाला हात जोडतो आणि वारी पोचली असे मानतो. त्याच्या लेखी ते अर्धे दर्शन नसते. पाण्यावर क्षणभर दिसलेला पर हा असाच कळस आहे.

देवमासा पूर्ण दिसणे म्हणजे काय, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला कळले. देवमाशाचे एक पिल्लू वाळूत रुतले होते. माणसे जवळजवळ दोन दिवस त्याला वाचवण्यासाठी झटली. त्याला खोल समुद्रात नेऊन सोडले, तरी ते जगले नाही. तो अवाढव्य देह डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहायला मिळाला, तो मरणाच्या दारात असताना.

डॉल्फिन दिसण्याला दर्शन म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे: देव दर्शन देतो तो भक्तासाठी, डॉल्फिन वर येतो तो स्वतःच्या श्वासासाठी. देण्याचा हेतू नसेल, तर त्याला देणे कसे म्हणावे? हे मान्यच करावे लागते. डॉल्फिन काही देत नाही. मात्र घेणाऱ्याची रीत त्यामुळे बदलत नाही. आपल्या हातात नसलेली गोष्ट मिळाली, तर ती ओरबाडून घ्यायची नसते. गाभाऱ्यात धक्काबुक्की करणाऱ्याला मूर्ती दिसते, दर्शन घडत नाही. कळपामागे होडी दामटणाऱ्याचेही तेच होते, शिवाय प्राण्याचा श्वास चुकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिन आणि देवमाशांना संरक्षण दिले आहे; होडीतल्या माणसाची अदब मात्र कायद्याने येत नाही.

म्हणून होडीत बसणाऱ्याने नावाड्याला आधीच सांगावे: कळप दिसला की इंजिन बंद करा, पाठलाग नको, दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण देऊ.